वाचकांचे प्रश्न : नोंदवलेला रेडिओ संकेत आकडेमोडीसाठी कसा न्यावा?

प्रश्न : मी दूरसंचार क्षेत्रातून निवृत्त झालो असून कळव्यात राहतो. आरटीएल-एसडीआर प्रकारचा (संगणकाला जोडून रेडिओ संकेत आकड्यांत नोंदवणारा) एक स्वस्त डोंगल आणून मी इमारतीच्या गच्चीवरून ९३.५ मेगाहर्ट्झवरील एफएम केंद्राची ५ मिनिटांची नोंद घेतली. डोंगलच्या सॉफ्टवेअरसोबत येणारी 'आरटीएल_एसडीआर' ही आज्ञा वापरली व सॅम्पल रेट, म्हणजे संकेताचे नमुने घेण्याचा दर, सेकंदाला २०,४८,००० ठेवला. फाइल १.२३ जीबीची झाली. इंटरनेटवर मिळालेल्या एका नमुना प्रोग्रामने ती ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तेव्हा काही आकडे १० च्या ३८ व्या घाताच्या घरातले आले, काही शून्याला चिकटलेले ऋण आकडे आले आणि अधूनमधून 'एनएएन' दिसले. शिवाय ५ मिनिटांची नोंद सव्वा मिनिटाचीच भरते. माझा भाचा म्हणतो की डोंगल खराब निघाला. कृपया मार्गदर्शन करावे. — एक वाचक, कळवा

उत्तर : डोंगलवर आळ घेण्याचे काहीच कारण नाही. आपण दिलेली लक्षणे इतकी नेमकी आहेत की फाइल न पाहताही दुखणे सांगता येते : आपली फाइल एका प्रकारच्या आकड्यांत लिहिली गेली आहे आणि ऑक्टेव्हने ती दुसऱ्याच प्रकारचे आकडे समजून वाचली आहे.

आरटीएल-एसडीआर डोंगलमधील आरटीएल२८३२यू ही चिप प्रत्येक नमुन्यासाठी दोन बाइट देते, पहिला 'आय'चा आणि दुसरा 'क्यू'चा (हे संकेताचे एकमेकांशी काटकोनात असलेले दोन घटक), आणि प्रत्येक बाइट ० ते २५५ यांमधला चिन्हरहित पूर्णांक असतो. फाइलमध्ये हे बाइट आय, क्यू, आय, क्यू असे एकाआड एक, कोणतेही शीर्षक वा खुलासा न जोडता लिहिलेले असतात. आपल्या ५ मिनिटांचा हिशोब करून पाहा : २०,४८,००० गुणिले २ गुणिले ३०० म्हणजे १२२ कोटी ८८ लाख बाइट. आपली १.२३ जीबी ती हीच, म्हणजे नोंद पूर्ण उतरली आहे, वाटेत काही सांडलेले नाही. याउलट जीएनयू रेडिओ किंवा जीक्यूआरएक्स या रेडिओ प्रोग्रामांच्या कच्च्या फायलींत प्रत्येक आय आणि प्रत्येक क्यू हा ४ बाइटांचा 'फ्लोट', म्हणजे चिन्ह व घातांकासह साठवलेला दशांशी आकडा असतो, म्हणजे एका नमुन्याला ८ बाइट लागतात. आपल्याला मिळालेला नमुना प्रोग्राम तशा फायलींसाठी लिहिलेला असणार. त्याने आपले १२२ कोटी ८८ लाख बाइट ८ ने भागले, १५ कोटी ३६ लाख नमुने मोजले आणि त्यांना २०,४८,००० ने भागून बरोबर ७५ सेकंद काढले. आपला सव्वा मिनिट तो हाच.

आता त्या विचित्र आकड्यांकडे पाहू, कारण त्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. संकेत क्षीण असतो तेव्हा डोंगलचे बाइट मधल्या पातळीभोवती, म्हणजे १२७ आणि १२८ यांच्या आसपास घुटमळतात. असे चार बाइट एकत्र करून त्यांना फ्लोट मानले की आपल्या नेहमीच्या संगणकांवर चौथा बाइट सर्वांत वजनदार ठरतो, कारण आकड्याचे चिन्ह आणि घातांकाचा बहुतांश भाग त्यातच असतो. तो बाइट १२७ असला की घातांक कमाल मर्यादेला भिडतो आणि १० च्या ३८ व्या घाताच्या घरातली संख्या मिळते. त्यातच तिसरा बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असेल तर मर्यादाही ओलांडली जाते आणि 'ही संख्याच नव्हे' अशा अर्थाचे एनएएन उमटते. चौथा बाइट १२८ झाला की चिन्ह ऋण होते, घातांक तळाला जातो आणि शून्याला चिकटलेला ऋण आकडा दिसतो. संकेत जोरकस असता तर बाइट ६० ते २०० असे ऐसपैस पसरले असते आणि मधल्या मापाचेही आकडे आले असते. ते आपल्याकडे दिसत नाहीत, त्यावरून माझा अंदाज असा की आपण गेन, म्हणजे संकेत वाढवण्याचे प्रमाण, फारच खाली ठेवला होता, किंवा अँटेनाची जोडणी सैल होती. शहरात एफएम केंद्रे जोरात येतात म्हणून गेन कमी ठेवणे समंजसपणाचे आहे, परंतु ८ बिटांच्या यंत्रात फक्त दोन-तीन पायऱ्या वापरल्या गेल्या तर पुढे कितीही गणित केले तरी गेलेले परत येत नाही. म्हणून ही फाइल दुरुस्त वाचून पाहाच, पण मोजमापासाठी नवी नोंद घ्यावी असे मी सुचवीन.

ऑक्टेव्ह आणि त्याच्यासारखेच मॅटलॅब या दोन्हींत वाचण्याची रीत सारखीच आहे. 'एफओपन'ने फाइल उघडून 'एफरीड' या आज्ञेला बाइटांचा प्रकार 'यूइंट८' आणि हवा असलेला प्रकार 'सिंगल' (४ बाइटांचा फ्लोट) असे दोन्ही स्पष्ट सांगावे. दुसरा प्रकार सांगितला नाही, तर प्रत्येक बाइट ८ बाइटांच्या 'डबल'मध्ये बदलतो. संपूर्ण फाइल एकदम वाचली तर ९.८ जीबी मेमरी एवढ्यातच जाते आणि आय-क्यू जोडून संमिश्र संख्या केल्या की तितकीच पुन्हा लागते. घरच्या संगणकाचा जीव तेवढा नसतो. १० सेकंदांचा तुकडा घ्या, म्हणजे ४ कोटी ९ लाख ६० हजार बाइट, जे 'सिंगल'मध्ये १६४ एमबीत मावतात. मधला भाग हवा असेल तर 'एफसीक'ने तेवढे बाइट ओलांडून जावे, मात्र ओलांडलेल्या बाइटांची संख्या सम असली पाहिजे, अन्यथा एका नमुन्याचा क्यू पुढच्या नमुन्याच्या आयशी जोडला जाईल. पायथन वापरणाऱ्यांना नमपाय या गणिती संग्रहातील 'मेममॅप'मुळे हीच सोय अधिक सहज मिळते.

वाचल्यावर प्रत्येक आकड्यातून १२७.५ वजा करून १२७.५ ने भागावे, म्हणजे सर्व आकडे उणे १ ते अधिक १ यांच्यात येतात. पुष्कळ जण येथे १२८ वजा करतात. अर्ध्या पायरीचा फरक तो काय, असे वाटते खरे. पण ही अर्धी पायरी आय आणि क्यू दोन्हींत कायमची राहते आणि वर्णपटाच्या (फ्रिक्वेन्सीनुसार शक्तीच्या आलेखाच्या) बरोबर मध्यभागी, पूर्ण क्षमतेच्या सुमारे ४५ डेसिबल खाली, एक सुई उभी करते. क्षीण संकेत शोधणारा माणूस त्या सुईलाच शोध समजून बसतो. काही यंत्रांत मध्यभागी अशी सुई हार्डवेअरमुळेही येते. त्यावर जुना उपाय असा की ज्या केंद्राची नोंद घ्यायची, ते बरोबर मध्यभागी ठेवूच नये. ९३.५ हवे असेल तर डोंगल ९३.० वर लावावा, म्हणजे आपले केंद्र मध्यापासून ५०० किलोहर्ट्झ वर येईल आणि नंतर गणिताने ते मध्यभागी सरकवता येईल.

९३.० वर लावण्याचा दुसराही फायदा आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. मुंबई परिसरात ९२.७ आणि ९३.५ या दोन्ही ठिकाणी एफएम केंद्रे आहेत, आणि आपल्या सॅम्पल रेटमध्ये दोन्ही एकाच नोंदीत मावतात. एक मध्यापासून ३०० किलोहर्ट्झ खाली आणि दुसरे ५०० किलोहर्ट्झ वर दिसले पाहिजे. तेच जर ५०० खाली आणि ३०० वर दिसले, तर आपला वर्णपट आरशातला आहे, म्हणजे आय आणि क्यू यांची अदलाबदल झाली आहे किंवा क्यूचे चिन्ह उलटले आहे. ही चूक होण्याची मॅटलॅब-ऑक्टेव्हमधली एक चोरवाट सांगून ठेवतो : उभी रांग आडवी करण्यासाठी आपण सवयीने नुसते अवतरणचिन्ह लावतो. संमिश्र संख्यांच्या बाबतीत ते चिन्ह रांग आडवी करतानाच प्रत्येक क्यूचे चिन्हही उलटवते, आणि वर्णपट फिरतो. त्याआधी एक बिंदू दिला तर फक्त रांग आडवी होते. या एका बिंदूपायी मी स्वतः एक आख्खा रविवार वाया घालवला आहे.

सॅम्पल रेट खरोखर आपण समजतो तोच आहे ना, हेही पडताळता येते. केंद्र मध्यभागी सरकवून गाळून घ्यावे, दर ८ ने घटवून २,५६,००० वर आणावा, आणि प्रत्येक नमुन्याला आधीच्या नमुन्याच्या संयुग्मीने (क्यूचे चिन्ह उलटवलेल्या संख्येने) गुणून येणारा कोन काढावा. हेच एफएमचे डिमॉड्युलेशन, म्हणजे लहरीतून मूळ संकेत वेगळा काढणे. त्या मालिकेच्या वर्णपटात, प्रसारण स्टिरिओ असेल तर, १९ किलोहर्ट्झवर एक उंच, सडपातळ रेघ दिसते. हा स्टिरिओचा पायलट स्वर असून तो प्रक्षेपकाकडूनच काटेकोर राखलेला असतो. नोंद २०,४८,००० दराने घेऊन ऑक्टेव्हला मात्र २४,००,००० असे सांगितले असेल, तर ही रेघ २२.३ किलोहर्ट्झवर जाऊन उभी राहील. डोंगलमधील स्वस्त क्रिस्टलची चूक या पडताळणीत कळत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे : दहा लाखांत ५० भागांची चूक पायलटला जेमतेम १ हर्ट्झने हलवते, पण ९३.५ मेगाहर्ट्झच्या केंद्राला तब्बल ४.७ किलोहर्ट्झ सरकवते.

नव्या नोंदीसाठी शेवटची विनंती. काहीही काढण्याआधी बाइटांचा हिस्टोग्राम काढा. ० ते २५५ अशा २५६ काड्यांत १२७ जवळ फक्त दोन-चार काड्या उंच असतील तर गेन कमी. दोन्ही टोकांना, ० आणि २५५ वर, भिंती उभ्या राहिल्या असतील तर गेन जास्त होऊन संकेताची टोके कापली गेली आहेत. गेन 'स्वयंचलित' ठेवू नये, कारण नोंदीच्या मध्येच तो बदलला तर दोन मिनिटांतील तीव्रतांची तुलनाच उरत नाही. आणि मूळ फाइलला हात न लावता तिच्याशेजारी एक टिपण ठेवावे : आकड्यांचा प्रकार, सॅम्पल रेट, मध्य फ्रिक्वेन्सी, गेन, अँटेना, जागा, वेळ. यासाठी 'सिगएमएफ' नावाची एक खुली पद्धत आहे. तिच्यात आकडे एका फाइलमध्ये आणि ही माहिती सोबतच्या जेसन स्वरूपाच्या मजकुरात राहते. आपल्या डोंगलची नोंद त्यात 'सीयू८' म्हणून आणि जीएनयू रेडिओची 'सीएफ३२_एलई' म्हणून ओळखली जाते. ती पद्धत जड वाटली तर साधी वही चालेल. माझ्या डिस्कवर 'टेस्ट_फायनल_२' नावाची एक फाइल येऊरच्या पायथ्याशी भर पावसात भिजत घेतलेली आहे, एवढे आठवते. ती कोणत्या फ्रिक्वेन्सीची, हे आजतागायत उलगडलेले नाही.

प्रश्न : माझ्या एसडीआर प्रोग्रामने २४ लाख सॅम्पल रेटने, १६ बिटांत, अर्ध्या तासाची 'वेव्ह' फाइल नोंदवली. फाइल १७ जीबीहून मोठी आहे, पण मॅटलॅब तिची लांबी १०.४ सेकंद दाखवतो. उरलेला अर्धा तास कुठे गेला? — एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : कुठेही गेलेला नाही, तो डिस्कवरच आहे, फाइलच्या सुरुवातीला लिहिलेली लांबी तेवढी खोटी आहे. वेव्ह फाइलच्या शीर्षकात लांबीसाठी ३२ बिटांचीच जागा असते, म्हणून सुमारे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार बाइटांच्या पुढे ती मोजू शकत नाही. आपल्या दराने सेकंदाला ९६ लाख बाइट येतात, म्हणजे साडेसात मिनिटांच्या आतच ही मर्यादा गाठली जाते. त्यापुढे काही प्रोग्राम नवी फाइल सुरू करतात, काही आरएफ६४ सारख्या मोठ्या फायलींसाठीच्या स्वरूपात लिहितात, आणि काही मुकाट लिहीत राहतात व लांबीचा आकडा जुन्या मोटारींच्या मीटरसारखा पुन्हा शून्यापासून फिरू देतात. आपला प्रोग्राम या तिसऱ्या जातीचा दिसतो. अर्ध्या तासाचे १,७२८ कोटी बाइट होतात. त्यांना वरील मर्यादेने भागले तर चार वेळा भाग जाऊन सुमारे १० कोटी १ लाख ३१ हजार उरतात, आणि त्यांना ९६ लाखांनी भागले की १०.४ सेकंद.

उपाय असा की ध्वनिफायली वाचणाऱ्या 'ऑडिओरीड' या आज्ञेच्या नादी न लागता ही फाइल कच्ची फाइल म्हणूनच वाचावी. शीर्षक नेहमी ४४ बाइटांचेच असते, असे गृहीत धरू नये, कारण एसडीआर प्रोग्राम त्यात वेळ व फ्रिक्वेन्सीची जादा माहिती घालतात. सुरुवातीचे काही हजार बाइट वाचून त्यांत इंग्रजी 'डेटा' या शब्दाची चार अक्षरे शोधावीत. त्यांच्यापुढचे ४ बाइट म्हणजे ती खोटी लांबी, आणि लगेच नंतर नमुने सुरू होतात. तेथून 'इंट१६' प्रकाराने वाचले की आय आणि क्यू एकाआड एक मिळतात. येथे आकडे चिन्हांकित असल्यामुळे १२७.५ वजा करण्याचा प्रश्न नाही, ३२,७६८ ने भागले की झाले. सुरुवात दोन बाइटांनी चुकली तर आय-क्यूची जोडी फुटते. एका बाइटाने चुकली तर सगळाच गोंगाट दिसतो, आणि या दुसऱ्या चुकीचे मला बरे वाटते, कारण ती लपून राहत नाही.

प्रश्न : मी ऐरोलीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना स्प्रेडशीटशिवाय दुसरे काही येत नाही. रेडिओची नोंद सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांच्या मजकुरात) बदलून त्यांना देता येईल का? — एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : देता येईल, पण कच्चे नमुने देऊ नयेत. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. सेकंदाला २०,४८,००० नमुने असतील तर संपूर्ण पान भरूनही त्यात ०.५१२ सेकंदाची नोंद बसेल. मुले अर्ध्या सेकंदाच्या रेडिओसाठी अर्धा तास स्क्रोल करत बसतील. शिवाय जो नमुना मूळ फाइलमध्ये २ बाइटांत होता, तोच मजकूर म्हणून लिहिला की दशांश चिन्हे, उणे चिन्ह, स्वल्पविराम धरून १५-२० बाइट खातो.

आपल्या कामाला 'आरटीएल_पॉवर' ही आज्ञा योग्य आहे. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी, दर १० सेकंदांची सरासरी घेऊन मोजण्यास सांगितले, तर ती थेट सीएसव्हीच देते : प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, खालची व वरची फ्रिक्वेन्सी, पायरी, नमुन्यांची संख्या आणि त्यापुढे एकेका पायरीची शक्ती डेसिबलमध्ये. डोंगलला २० मेगाहर्ट्झ एका घासात गिळता येत नाहीत, म्हणून तो पट्ट्याचे तुकडे पाडतो आणि एकाच वेळेच्या अनेक ओळी येतात. त्या जुळवणे हाच मुलांचा पहिला धडा होऊ शकेल. १००.७ आणि १०७.१ वरील आकाशवाणीच्या केंद्रांचे उंचवटे त्यांना ओळखता आले की पुढचे काम सोपे आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी त्यांना जरूर सांगाव्यात. हे डेसिबल कोणत्याही प्रमाणित मापाशी जोडलेले नाहीत, त्यामुळे 'ठाण्यापेक्षा ऐरोलीत संकेत ६ डेसिबलने जास्त' हे विधान डोंगल, अँटेना आणि गेन तेच ठेवले तरच करता येईल. दुसरे, डेसिबलच्या रकान्याची थेट सरासरी काढू नये. ० आणि उणे २० यांची सरासरी मुले उणे १० सांगतील. प्रत्यक्षात शक्तीची सरासरी १ आणि ०.०१ यांची म्हणजे ०.५०५ येते, आणि ती उणे ३ डेसिबलच्या जवळ आहे.

प्रश्न : एसडीआर शार्प या प्रोग्रामने पहाटे घेतलेल्या माझ्या नोंदीच्या नावात आदल्या दिवसाची तारीख आणि रात्रीची वेळ येते. संगणकाचे घड्याळ बरोबर आहे. — एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : नावातील वेळेच्या शेवटी इंग्रजी 'झेड' हे अक्षर आहे का, ते पाहा. ते असेल तर ती वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे, आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे : '२३१९१४झेड' म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे ४ वाजून ४९ मिनिटे १४ सेकंद. नाव बदलू नका. दोन ठिकाणच्या नोंदी कधी जुळवायच्या झाल्या तर हीच वेळ उपयोगी पडते, आणि वर उल्लेख केलेल्या सिगएमएफमध्येही वेळ याच पद्धतीने लिहावी लागते. मॅटलॅबमध्ये 'डेटटाइम' तयार करताना टाइमझोन 'यूटीसी' असा सांगावा आणि मगच तो 'एशिया/कोलकाता' असा बदलावा. सुरुवातीलाच कोलकाता सांगितले तर रात्रीचे ११ वाजून १९ मिनिटे हीच आपली वेळ ठरेल आणि पहाटेची नोंद आदल्या रात्रीच्या खात्यावर जमा होईल.